पाढे पाठ असलेलं विमान

"त्याले पाढा येतस का?"

आबांनी हे विचारलं तेव्हा मी शिकागोच्या धावपट्टीवर होतो. म्हणजे बसलो होतो जळगावला, काकांच्या ऑफिसात. काका सेल्स टॅक्सची कामं करायचे. शेवटचा व्यापारी वह्या उचलून गेला की टेबलावरचा पीसी एक्सटी कॉम्प्युटर मोकळा व्हायचा. केशरी अक्षरांचा मॉनिटर, खाली स्टॅबिलायझर, वर काकूंनी शिवलेलं प्लॅस्टिकचं कव्हर. मे महिना होता. भुसावळहून पॅसेंजरनं मी सुटीपुरता आलो होतो, आणि अमळनेरहून आबाही आले होते.

हिशेबाच्या मशीनवर विमान कुठून आलं, हेही सांगायला हवं. त्या काळी आयबीएमच्या पीसीची नक्कल करणारी मशीनं विकायला यायची. ती कितपत अस्सल आहेत हे तपासायला जगभर दोन प्रोग्रामांची कसोटी लावत. एक लोटस 1-2-3, म्हणजे आकडेमोडीचा तक्ता, आणि दुसरा मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर. हे दोन्ही मशीनच्या पोटात इतकं खोल हात घालायचे की नकलेत काही कमी असेल तर तिथेच उघडं पडायचं. काकांना मशीन विकणाऱ्यानं दोन्ही फ्लॉप्या लावून दाखवल्या आणि जाताना इथेच ठेवल्या. विमानाची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून मशीन चालू केलं की डॉस, म्हणजे मशीन चालवणारा नेहमीचा प्रोग्राम, वगैरे काही यायचं नाही, थेट कॉकपिटच यायचं. हार्ड डिस्कवरच्या हिशेबाला धक्का लागत नाही, एवढ्याच अटीवर काकांनी परवानगी दिली होती.

आबांनी चष्मा वर करून पाहिलं. "हाई काय शे?"

"विमान आहे, आबा."

"इमान कोठे शे? ह्या त नुसत्या रेघा शेतस."

ते खरंच होतं. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात घड्याळासारखी यंत्रं, वरच्या अर्ध्यात खिडकी. खिडकीत एक आडवी रेघ म्हणजे क्षितिज. समोर दोन तिरप्या रेघा दूर जाऊन मिळणाऱ्या, ती धावपट्टी. डावीकडे उभ्या रेघांची चार-दोन खोकी, ते शिकागो शहर. उजवीकडे काहीच नाही, कारण तिकडे मिशिगन सरोवर. विमान सेसना 182, विमानतळ मेग्ज फील्ड. लाखो पोरांनी आयुष्यातलं पहिलं उड्डाण त्याच पट्टीवरून केलं.

आबा अमळनेरला कापसाच्या अडत दुकानात मुनीम होते. मी म्हणालो, प्रत्येक रेघ कुठे काढायची याचा हिशेब मशीन करतं, विमान हललं की सगळा हिशेब पहिल्यापासून. तेव्हा त्यांनी तो पाढ्यांचा प्रश्न विचारला. मी हसलो. कॉम्प्युटरला पाढे कशाला लागतात! पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं की त्या संध्याकाळी त्या खोलीत कॉम्प्युटरबद्दल सगळ्यात शहाणा प्रश्न आबांनीच विचारला होता.

हिशेब नेमका कसला, ते आधी बघू. आमचे आप्पा मालगाडीवर गार्ड होते. लहानपणी एकदा त्यांनी मला ब्रेक व्हॅनमध्ये बसवलं होतं, गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात. तिथून मागे पाहिलं की दोन रूळ पायाखालून निघून जातात आणि लांबवर एकमेकांना चिकटतात. आता समजा, डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर एक काच धरली आणि काचेवर खडूनं ते रूळ जसे दिसतात तसे गिरवले. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतर 1676 मिलिमीटर. डोळ्यापासून 10 मीटरवरचे रूळ काचेवर 8.4 सेंटिमीटर अंतरावर उमटतील. 100 मीटरवरचे 8.4 मिलिमीटर. एक किलोमीटरवरचे एक मिलिमीटरसुद्धा नाही, खडूची एक रेघ दोघांना पुरेल. नियम एवढाच: खरं अंतर घ्या, ती वस्तू जितकी लांब असेल तितक्यानं भागा, आणि काच डोळ्यापासून जितकी दूर असेल तितक्यानं गुणा. मॉनिटरचा पडदा म्हणजे ती काच. धावपट्टीचे चार कोपरे, इमारतींची टोकं, असा एकेक बिंदू घेऊन हा भागाकार करायचा आणि बिंदू रेघांनी जोडायचे. झालं दृश्य.

विमान सरळ जात असेल तोवर हे सोपं. पण विमान वळतं, नाक वर-खाली करतं, पंख कलतो. स्टेशनात शेजारची गाडी हलली की आपलीच हलली असं वाटतं ना, मशीन नेमका तो भास उलटा वापरतं. त्याच्या हिशेबात विमान जागचं हलत नाही. विमान डावीकडे वळलं की सगळं शिकागो उजवीकडे फिरवायचं. बिंदू फिरवायचा म्हणजे त्रिकोणमितीतले साइन आणि कोसाइन आले. दहावीत ज्यांना आपण हात जोडले तेच. तिन्ही दिशांच्या कलण्याचा मिळून एक नऊ आकड्यांचा तक्ता करतात, आणि त्या तक्त्यानं एकेक बिंदू फिरवायला नऊ गुणाकार लागतात. दृश्यात शंभर बिंदू असले तर नऊशे गुणाकार, वर दोनशे भागाकार, आणि हे सगळं एका चित्रासाठी. पुढच्या चित्राला पुन्हा तेवढंच.

आता मशीनची ताकद बघा. या खेळाची पहिली आवृत्ती ब्रूस आर्टविक यानं केली. 1975 साली इलिनॉय विद्यापीठात त्यानं याच विषयावर प्रबंध लिहिला होता. पुढे सबलॉजिक नावाच्या त्याच्या कंपनीनं ॲपल टू या घरगुती कॉम्प्युटरसाठी तो खेळ बाजारात आणला. ॲपल टूमधली 6502 ही चिप सेकंदाला साधारण दहा लाख ठोके घ्यायची, एक ठोका म्हणजे तिच्या कामाचं एक बारीकसं पाऊल. आकडा मोठा वाटतो, पण या चिपला गुणाकार येतच नव्हता! बेरीज, वजाबाकी, आकडा दुप्पट करणं, निम्मा करणं, एवढंच शिकून ती कारखान्यातून बाहेर पडलेली. गुणाकार हवा तर बेरजा रचून करायचा. थोड्या मोठ्या आकड्यांच्या एका गुणाकाराला पाचशे ठोके धरले तर नऊशे गुणाकारांत साडेचार लाख ठोके गेले. म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद, आणि अजून एकही रेघ काढलेली नाही. म्हणून तर त्या पहिल्या विमानाचं जग सहा गुणिले सहा, अशा छत्तीस चौकोनांचं होतं.

मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती 1982 साली आयबीएम पीसीसाठी आली. त्यातल्या 8088 चिपला गुणाकार यायचा, पण एकेका गुणाकाराला शंभराहून जास्त ठोके लागायचे. अपूर्णांकांसाठी 8087 ही वेगळी, महागडी चिप मिळायची. काकांच्या मशीनमध्ये तिच्यासाठी बोर्डावर खाच होती, कायम रिकामी. जमीनदाराच्या ओट्यावर पाहुण्यासाठी मांडलेली खुर्ची असते तशी.

मग एवढ्या अशक्त मशीननं विमान उडवलं कसं? आबा म्हणाले तसंच. पाढे पाठ करून.

आबांची पद्धत आधी सांगतो. 37 गोण्या, गोणीला 24 रुपये. आपण कागद शोधतो. आबा पावकी म्हणायचे: सदतीस पाव सव्वानऊ. म्हणजे पंचवीसच्या भावानं सव्वानऊशे, 925. एकेक रुपया जास्त धरला म्हणून त्यातून 37 वजा. 888. बोलता बोलता झालं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे त्यांच्या पिढीला शाळेत घोकून घेतलेले. घोकायला एकदाच त्रास, नंतर जन्मभर गुणाकार करावाच लागत नाही, नुसता आठवावा लागतो.

6502 वर काम करणाऱ्या प्रोग्रामरांची एक आवडती युक्ती हुबेहूब हीच होती. मशीनच्या आठवणीत आधीच एक तक्ता भरून ठेवायचा: प्रत्येक आकड्याच्या वर्गाचा पाव हिस्सा, मागचा अपूर्णांक सोडून. आता 37 गुणिले 24 हवंय. दोघांची बेरीज 61, वजाबाकी 13. तक्त्यात 61 पुढे लिहिलंय 930. तक्त्यात 13 पुढे लिहिलंय 42. मोठ्यातून लहान वजा करा: 888. पडताळून बघा, कोणतेही दोन आकडे घ्या, चुकत नाही. एक बेरीज, तक्त्यात दोनदा डोकावणं, दोन वजाबाक्या, संपला गुणाकार. 255 पर्यंतच्या आकड्यांना हा तक्ता पाचशे अकरा ओळींचा होतो आणि एक किलोबाइटमध्ये मावतो. युक्ती कॉम्प्युटरवाल्यांचीही नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात अशा पाव-वर्गांच्या छापील पुस्तकांवर लोक हिशेब करत. मला मौज याची वाटते की आबा आणि ती चिप, दोघांनीही तोच गुणाकार पावावर आणून सोडवला.

साइनचंही तसंच. ऐन उड्डाणात साइन काढत बसायला वेळ कुणाला? आधीच काढून तक्त्यात लिहून ठेवायचा. इथे आणखी एक हुशारी. वर्तुळाचे आपण 360 भाग करतो, पण बरेच प्रोग्रामर 256 करायचे. कारण एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढेच आकडे बसतात, 255 मध्ये एक मिळवला की आपोआप 0 येतो. विमानानं एक पूर्ण फेरी मारली की कोन आपोआप शून्यावर. तपासायलाही नको. शिवाय साइन पाव वर्तुळापुरता माहीत असला की उरलेला तीन-चतुर्थांश आरशातला, कुठे उलटा तर कुठे उणे. त्यामुळे चौसष्ट ओळींच्या आसपास काम भागतं.

आणि अपूर्णांक? साइनची किंमत 0.7 किंवा 0.38 अशी असते, चिपला तर फक्त पूर्णांक कळतात. यावर उपाय किराणा दुकानातला. साडेसात रुपये लिहायचे नसतील तर 750 पैसे लिहा. वही पूर्ण पैशांत ठेवा, गिऱ्हाईकाला सांगताना तेवढे रुपये करून सांगा. प्रोग्रामर रुपयाचे शंभर पैसे न करता 256 पैसे करायचे, कारण 256 नं भागायचं म्हणजे चिपच्या लेखी नुसता खालचा बाइट सोडून द्यायचा. भागाकार फुकटात. खालच्या बाइटबरोबर थोडी सूट जायची. म्हणून दूरची इमारत विमान वळताना कधीकधी थरथरायची. पैशाच्या खालचं कुणी मोजलेलंच नव्हतं.

रेघ काढणं हा या सगळ्यातला हलका भाग. पडदा म्हणजे चौकटींचा कागद. तिरपी रेघ दहा घरं उजवीकडे आणि तीन घरं वर जाणार असेल तर प्रत्येक पावलाला थोडी उधारी साठते, ती अर्ध्या घराच्या पुढे गेली की एक घर वर चढायचं आणि तेवढी उधारी वळती करायची. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॅक ब्रेझनहॅम यानं 1962 साली ही रीत बसवली. तिच्यात फक्त बेरीज-वजाबाकी आहे. रंग भरायचे तर आधी लांबचं रंगवा, मग त्यावर जवळचं. नुसत्या रेघांच्या विमानात तेवढीही सोय नसे, डोंगरातून पलीकडचं आरपार दिसायचं. सातपुड्याच्या पलीकडचं मध्य प्रदेश भुसावळच्या गच्चीवरून दिसावं तसं.

आत्तापर्यंत जे सांगितलं ते दिसण्यापुरतं. पण नुसतं दिसल्यानं तो विमानाचा खेळ होत नाही. खरी जान दुसऱ्या वहीत होती. ती रोजकिर्दीसारखी. मागच्या क्षणाची शिल्लक: वेग इतका, उंची इतकी, नाकाचा कोन इतका. या क्षणाची आवक-जावक: इंजिन पुढे ओढतंय, हवा मागे खेचतेय, वजन खाली, पंखांची उचल वर. दोन्हींचा मेळ घालून नवी शिल्लक. सेकंदाला जितकी चित्रं, साधारण तितक्या नोंदी. पंखांची उचल वेगाच्या वर्गावर चालते, वेग दुप्पट झाला की उचल चौपट. हवेला पंख जितका तिरपा धराल तितकी उचल वाढते, पण ती साधारण पंधरा-सोळा अंशांपर्यंतच. त्यापुढे पंखावरची हवा पंखाला सोडून देते आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. सेसना 182 सरळ उडताना साधारण 50 नॉट, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास आली की ही वेळ येते.

माझी पहिली वीस-पंचवीस विमानं अशीच पडली. जमीन जवळ आली की घाबरून नाक वर करायचो. नाक वर, वेग कमी, उचल गायब, आणि विमान दगडासारखं खाली. त्यात कळांचा घोळ. नंबर पॅडवर 8 ची कळ वर असते, म्हणून मी वर जायला 8 दाबायचो. पण 8 म्हणजे दांडा पुढे ढकलणं, नाक खाली! वर जायला 2. हे काही केल्या बोटांना पटायचं नाही. आबांनी दोन संध्याकाळी शांतपणे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, विहिरीवर मोटेचा नाडा सोडतोस की ओढतोस ते आधी ठरव. त्यानंतर माझं 2 आणि 8 कधी चुकलं नाही.

नोंदी जितक्या विरळ, तितका हिशेब ढोबळ. सेकंदाला तीनच चित्रं येत असतील आणि विमान 100 नॉटनं जात असेल तर दोन चित्रांमध्ये सतरा मीटर अंतर निघून जातं. मागच्या चित्रात तुम्ही धावपट्टीच्या वर, पुढच्या चित्रात जमिनीच्या आत. मधलं काही घडतच नाही. बऱ्याच मशीनांवर पुढे टर्बो नावाचं बटण यायचं, त्याची गंमत वेगळी. काही जुने खेळ चिपच्या ठोक्यांवरच चालायचे, नव्या मशीनवर ते अंगात आल्यासारखे पळायचे. म्हणून टर्बो बंद करून मशीन मुद्दाम मंद करावं लागे. वेगासाठी ठेवलेलं बटण लोक वेग घालवायला वापरत.

आपल्याकडे घरात कॉम्प्युटर असणं ही तेव्हा मोजक्यांची चैन होती. 1984 साली सरकारनं शाळांसाठी क्लास नावाची योजना काढली, तिच्यातून बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश मशीनं देशभरच्या शाळांमध्ये पोचली. बत्तीस किलोबाइट मेमरी, तीच 6502 चिप. या मशीनवर जेफ क्रॅमंड यानं 1983 साली एव्हिएटर नावाचा खेळ केला होता, दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान आणि नुसत्या रेघांचं जग, आणि त्यातल्या पुलाखालून विमान काढण्याची पैज. बत्तीस किलोबाइट म्हणजे किती? आज मोबाइलवर येणारं 'सुप्रभात'चं एक फुलांचं चित्र याहून जड असतं. खानदेशात मात्र माझ्या ओळखीत कुणाच्या घरी खेळण्यासाठी कॉम्प्युटर नव्हता. होते ते ऑफिसात, कॉम्प्युटर क्लासमध्ये, चपला बाहेर काढून आत जायच्या गार खोलीत. आम्ही उडायचो ते उधारीच्या वेळात. लाइट गेली की विमान हवेतच संपायचं. तो अपघात धरायचा की नाही यावर चुलतभावाशी माझं भांडण व्हायचं.

लोक म्हणतात, जुन्या खेळांची ओढ म्हणजे बालपणाची ओढ. असेलही. पण माझ्या मते त्या खेळात माणसाला काम असायचं. मशीन दहा रेघा द्यायचं, उरलेलं शिकागो, सरोवरावरचा वारा, धावपट्टीचं डांबर हे सगळं खेळणाऱ्यानं घरून आणायचं. मी आणलेल्या शिकागोला भुसावळच्या यार्डाचा वास होता आणि उन्हाळा खानदेशातला. मेग्ज फील्ड खरोखर कसं दिसतं हे मी कितीतरी वर्षांनी पाहिलं. तोवर 30 मार्च 2003 च्या रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून ती धावपट्टी खणून टाकली होती.

2020 साली आलेल्या नव्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सगळी पृथ्वी उपग्रहाच्या छायाचित्रांतून उभी केली आहे. चित्रांचा साठा इतका मोठा की तो घरी येत नाही, उडता उडता इंटरनेटवरून उतरत राहतो. सेकंदाला गुणाकार किती होतात ते मोजण्यात अर्थ नाही. आजच्या ग्राफिक्स कार्डांचे आकडे लाख कोटींत असतात. रीत मात्र तीच, बिंदू फिरवा, लांबीनं भागा, काचेवर मांडा.

मागच्या दिवाळीत मुलानं तो लॅपटॉपवर लावला आणि आप्पांना दाखवायला बसला. जळगावहून उडालो. खाली केळीचे बाग, तापी, रस्ते, सगळं छायाचित्रासारखं. आप्पा काही बोलेनात. मग जळगाव स्टेशन आलं आणि त्यांनी पडद्याला बोट लावलं. पश्चिमेकडे रुळांची एक जोडी मुख्य मार्गापासून सुटी होत होती.

"ही वेगळी निघते ना, ती सुरत लाइन. अमळनेरला जाते."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, उजवीकडे घे, रूळ सोडू नकोस.